काळ्या मातीतील शेणपाण्याच्या तळ्याला मातीचे अस्तर: जाडी किती ठेवावी आणि भेगांचे काय करावे?

प्रश्न: सांवेर रस्त्यावरचा गोठा

सर्वांना नमस्कार. इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची वडिलोपार्जित शेती असून तिथे गायी-म्हशी मिळून ११० जनावरांचा गोठा आहे. घट्ट शेण आम्ही वेगळे उचलतो. ते गोबरगॅसला आणि उकिरड्यावर जाते. प्रश्न उरतो तो गोठा धुतल्याचे पाणी, मूत्र आणि त्यांबरोबर वाहून येणारे शेण यांचा. हे पातळ शेणपाणी रोज सुमारे ९,००० लिटर निघते आणि आजवर ते गोठ्यामागच्या एका कच्च्या खड्ड्यात सोडले जात आले आहे. रब्बीत ते पंपाने शेताला देता येते, पण पावसाळ्यात शेतच ओले असल्यामुळे ते द्यायला जागा नसते. म्हणून साधारण १२० दिवसांचे पाणी साठवेल असे तळे बांधण्याचे ठरवले आहे.

ठेकेदाराने सुचवलेले माप वरून ४० × २५ मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंचा उतार १:१ असे आहे. जागेवर एक चाचणी खड्डा खणून पाहिला, तेव्हा वरचा १.४ मीटर काळी माती, त्याखाली सुमारे अर्धा मीटर चुनखडीचे खडे असलेली पिवळसर माती आणि त्यानंतर मुरूम लागला. मुरूम खाली खाली कुजक्या दगडात जातो. आमची विहीर तिथून ९० मीटरवर असून शेजाऱ्यांची ६० मीटरवर, तीही उताराच्या बाजूला आहे. ऑगस्टमध्ये आमच्या विहिरीचे पाणी जमिनीपासून ३ मीटरपर्यंत वर येते.

बाबांचे म्हणणे असे की खड्ड्यातून निघालेली काळी मातीच तळाला आणि बाजूंना पसरून दाबली की काम झाले, कारण पावसाळ्यात काळ्या शेतात आठ-आठ दिवस पाणी उभे राहते हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. पण याच बाबांचा विळा एकदा मे महिन्यात त्याच शेतातल्या भेगेत पडला तो आजतागायत मिळालेला नाही. आमचे तळे दर एप्रिल-मे महिन्यात रिकामे होणार, तेव्हा अस्तरालाही अशाच भेगा पडल्या तर पहिल्या पावसानंतर सगळे शेणपाणी मुरुमात उतरेल, अशी मला भीती वाटते.

ठेकेदार म्हणतो की एक मीटर जाडीची काळी माती टाकून जेसीबीने आणि ट्रॅक्टरने दाबून देतो, वर थोडा चुना मारतो, मग थेंबही जाणार नाही. दुसऱ्या एकाने शेततळ्याचा प्लास्टिक कागद सुचवला आहे. अस्तराची जाडी कशावरून ठरवायची, चुना मारावा की नाही आणि भेगांवर खात्रीचा उपाय कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: जुना कालवेकर, इंदूर

आपल्या वडिलांनी दोन्ही गोष्टी पाहिलेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. माळव्याची काळी माती ओली आणि अखंड असेल तेव्हा तिच्यासारखी पाणी अडवणारी माती शोधून सापडणार नाही. तीच वाळली की तिच्यासारखी गळकीही दुसरी नाही. त्यामुळे आपल्या तळ्याचा आराखडा करताना चांगली माती कुठून आणायची हा प्रश्न उद्भवतच नाही. ती अखंड कशी बांधायची आणि बांधल्यावर कोरडी कशी पडू द्यायची नाही, एवढाच विचार करायचा आहे. माझी सारी नोकरी कालव्यांच्या मातीकामात गेली, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

प्रथम जाडीचा हिशेब पाहू. फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेला नियम इथे पुरेसा आहे. झिरप्याचा वेग काढण्यासाठी मातीच्या पारगम्यतेला (म्हणजे पाणी आरपार जाऊ देण्याच्या क्षमतेला) द्रवाची उंची आणि अस्तराची जाडी यांच्या बेरजेने गुणावे आणि अस्तराच्या जाडीने भागावे. तळ्यात २.५ मीटर शेणपाणी आहे, अस्तर ४५ सेंटिमीटरचे आहे आणि नीट दाबलेल्या काळ्या मातीची पारगम्यता सेकंदाला एका सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग आहे असे धरले, तर दर १,००० चौरस मीटरमागे दिवसाला सुमारे ५७० लिटर झिरपा येतो. जाडी ३० सेंटिमीटर केली तर तो ८०० च्या आसपास जातो, ६० केली तर ४५० वर येतो आणि ९० केली तरी ३२५ च्या घरातच राहतो. आता जाडी ४५ सेंटिमीटरच ठेवून दबाई बिघडवा, म्हणजे पारगम्यता एक कोटीव्या भागाऐवजी दहा लाखावा भाग होऊ द्या. झिरपा एकदम ५,७०० लिटर होतो. जाडी दुप्पट करून निम्मासुद्धा लाभ मिळत नाही आणि दबाई चुकली की दसपट तोटा होतो. ठेकेदाराच्या एक मीटर जाडीबद्दल माझे मत यावरून आपल्या लक्षात येईल. अस्तराविना मुरूम उघडा राहिला आणि त्याची पारगम्यता दहा हजारावा भाग धरली, तर तेवढ्याच क्षेत्रातून दिवसाला ८६,००० लिटर जाऊ शकते. म्हणजे आपले रोजचे ९,००० लिटर तळ्यात दिसणारच नाहीत.

तुलनेसाठी एक मापदंड सांगतो. अमेरिकेच्या शेती खात्याच्या मार्गदर्शिकेत शेणाने तळ आपोआप लिंपला जाऊन झिरपा दहाव्या हिश्श्यावर येतो असे गृहीत धरले असून, त्या भरवशावर लिंपण्याआधीचा झिरपा दिवसाला एकरी ५,००० गॅलनपर्यंत चालवून घेतला आहे. आपल्या मापात ते दिवसाला ४.७ मिलिमीटर, म्हणजे १,००० चौरस मीटरला ४,७०० लिटर होतात. आपण मात्र लिंपणावर विसंबू नये, कारण शेणाचा तो थर तळे रिकामे झाले की वाळून पापुद्र्यांसारखा उचलला जातो. त्याच मार्गदर्शिकेत ५ मीटरपेक्षा कमी खोलीला किमान ३० सेंटिमीटर जाडी पुरेशी मानली आहे. मी ४५ सांगतो, कारण गाळ काढताना जेसीबीचा दात दहा सेंटिमीटर सहज खाऊन जातो.

दबाई करताना सगळा खेळ ओलाव्याचा असतो. ज्या ओलाव्याला माती सर्वांत जास्त घट्ट बसते, त्याहून २ ते ३ टक्के जास्त ओलावा ठेवावा. रस्त्याच्या कामावरच्या माणसांना हे पटत नाही, कारण त्यांना ताकद हवी असते आणि रोलरखाली माती थोडी लिबलिबली की ते काम थांबवतात. आपल्याला ताकद नको आहे. थोड्या जास्त ओलाव्यावर दाबलेल्या मातीत ढेकळे एकमेकांत पूर्ण मिसळून त्यांच्यामधल्या वाटा बुजतात आणि पारगम्यता कोरड्या बाजूला दाबलेल्या मातीच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकते. कोरडी ढेकळे जेसीबीच्या बादलीने थापटली तर वरून गुळगुळीत दिसते, पण आत ढेकळा-ढेकळांमध्ये मोकळ्या वाटा तशाच राहतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. उत्खननाची काळी माती वेगळी रचावी, रोटाव्हेटरने ढेकळे फोडावीत, टँकरने पाणी मारावे आणि रात्रभर ओल मुरू द्यावी. दुसऱ्या दिवशी सैल थर २२ सेंटिमीटरपेक्षा जाड न पसरता शीपफूट रोलरने (ज्याच्या ड्रमवर पायांसारखे खुंट असतात) तो १५ सेंटिमीटरपर्यंत बसवावा. रोलरच्या पायांची लांबी थराच्या आरपार जाऊन खालच्या थरात रुतेल एवढी असली पाहिजे, कारण दोन थरांमधला गुळगुळीत सांधा हीच पुढे पाण्याची आडवी वाट होते. गुळगुळीत ड्रमचा रोलर फक्त सर्वांत वरच्या थराला चालेल. असे तीन थर झाले की ४५ सेंटिमीटर पूर्ण होतात. ट्रॅक्टरच्या चाकाने दाबणे ही माझ्या लेखी दबाई नव्हे.

हा रोलर १:१ उतारावर चढणार नाही. उभे १ आणि आडवे ३ असा उतार घ्यावा लागेल आणि इथे आपल्या मापाचा प्रश्न येतो. ४० × २५ मीटरचे तळे १:१ उताराने, वर अर्धा मीटर मोकळी जागा सोडून, सुमारे १,९७० घनमीटर साठवते. तेच १:३ उताराने जेमतेम १,१२० साठवेल. आपले १२० दिवसांचे शेणपाणी १,०८० घनमीटर आहे आणि त्यावर इंदूरचा सरासरी सुमारे ९५० मिलिमीटर पाऊस तळ्यात थेट पडणार आहे. म्हणून वरचे माप ५५ × ३० मीटरच्या आसपास न्यावे; त्यात सुमारे २,२०० घनमीटर मावतात आणि पावसाळ्यातले बाष्पीभवन वजा केल्यावर हिशेब जेमतेम जुळतो. गोठ्याच्या छपरांचे पाणी पन्हळीने बाहेर काढले नाही, तर मात्र तो कोसळेल.

सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती खोलीची आहे. ऑगस्टमध्ये भूजल ३ मीटरवर येत असेल, तर ३ मीटर खणलेल्या तळ्याच्या अस्तराखालून पाणी वर ढकलू लागेल आणि तळे त्या वेळी कमी भरलेले असेल तर अस्तर फुगून फाटेल. अस्तराचा खालचा पृष्ठभाग भूजलाच्या पावसाळी पातळीपेक्षा निदान ६० सेंटिमीटर वर असावा. यासाठी तळे निम्मे जमिनीत आणि निम्मे बांधावर घ्या: पूर्ण झालेला तळ जमिनीपासून १.५ मीटर खाली आणि बांध १.५ मीटर वर. अस्तर ४५ आणि त्याच्या रक्षणासाठी वर घालायचे मुरमाचे आवरण ३० सेंटिमीटर धरले तर उत्खनन २.२५ मीटर होते आणि भूजलापासून ७५ सेंटिमीटर अंतर राहते. शेणपाणी उताराने बांधावरून आत जाणार नाही, तेव्हा गोठ्याजवळ छोटा हौद आणि पंप घ्यावा लागेल. तो खर्च मान्य करावा.

‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ असे आपण इंदूरकर अभिमानाने म्हणतो, पण ते नीर साठते कुजक्या आणि भेगाळ बेसॉल्टमध्ये. तिथे शेणपाणी एकदा पोचले की भेगेभेगेने कुठल्या विहिरीत निघेल हे सांगता येत नाही. माझी एवढी काळजी त्यासाठी आहे.

उत्तर २: देवासचा दूधवाला

कालवेकर काकांनी जे लिहिले आहे त्यातली जवळजवळ प्रत्येक चूक मी स्वतःच्या तळ्यात करून बसलो आहे, म्हणून प्रश्नकर्त्या भाऊंसाठी थोडे लिहितो.

चार वर्षांपूर्वी ६० जनावरांसाठी तळे बांधले. मे महिन्यात ठेकेदार मोकळा असतो म्हणून मे महिन्यात काम काढले. माती कोरडी ठणठणीत होती आणि पाणी मारले तेही वरवर. ६० सेंटिमीटरचे अस्तर दोन दिवसांत थापटून पूर्ण झाले आणि मी खुशीत ठेकेदाराला चहा पाजला. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये सगळे शेणपाणी मक्याला देऊन तळे अगदी तळापर्यंत कोरडे केले, कारण गाळ काढायचा होता. मेच्या शेवटी पाहिले, तर तळाला षट्कोनी भेगा पडून फरशी बसवल्यासारखे दिसत होते. एका भेगेत मी कडब्याचे ताट घातले, ते कोपरभर आत गेले.

जुलैत तळे भरू लागले, तेव्हा सकाळी खुणेच्या काठीवर पातळी चार बोटे खाली आलेली असायची. मी समजलो की उन्हाने आटते. पण जुलैत ऊन कुठले? महिनाभराने ७० मीटरवरच्या विहिरीच्या पाण्याला पिवळसर झाक आली आणि पहाटे पहिला पंप सुरू केला की गोठ्याचा वास यायचा. पाणी तपासले, तर नायट्रेट लिटरला ११० मिलिग्रॅम निघाले. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ४५ आहे. घरात सहा महिन्यांचे नातवंड होते आणि जास्त नायट्रेटचे पाणी तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या विहिरीचे पाणी स्वयंपाकघरात जाणे त्याच दिवशी बंद केले.

पुढल्या हिवाळ्यात दुरुस्ती केली. गाळ उपसून अस्तराचा वरचा ३० सेंटिमीटर भाग नांगरला, रोटाव्हेटर फिरवला, पाणी मुरवले आणि भाड्याच्या शीपफूट रोलरने दोन थरांत पुन्हा बसवला. त्यावर एक वीत मुरूम दाबला. तळाशी उभी लोखंडी पट्टी गाडून तिच्यावर ५० सेंटिमीटरला लाल खूण केली आहे. पंप त्या खुणेच्या खाली पाणी उपसणार नाही असाच बसवला आहे, म्हणजे घाईत कोणी गडी सगळे उपसून टाकील ही भीती उरली नाही. तेव्हापासून तळाला भेग नाही. बाजूंच्या वरच्या भागाला मात्र दर उन्हाळ्यात बारीक भेगा दिसतात आणि त्याचे काय करावे हे मलाही समजलेले नाही.

आणखी एक गोष्ट. शेणपाण्याचा पाइप तळ्यात जिथे पडतो, तिथे वर्षभरात घमेल्याएवढा खळगा पडला होता. तिथे आता फरशीचे तुकडे सिमेंटमध्ये बसवले आहेत.

प्रश्नकर्ता: सांवेर रस्त्यावरचा गोठा

काका, आपण इतका सविस्तर हिशेब मांडलात त्याबद्दल मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवला. विळ्याचा उल्लेख मी इथे केला हे त्यांना आवडलेले नाही, पण निम्मे तळे बांधावर घेण्याची सूचना त्यांना पटली. देवासच्या दादांचेही आभार. आमचा ठेकेदारही नेमका मे महिनाच सांगत होता, तो आता रद्द केला आहे.

दोन शंका उरतात. चुन्याबद्दल आणि प्लास्टिक कागदाबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. शिवाय निव्वळ काळी माती घालावी की तिच्यात मुरूम मिसळून तिचा फुगवटा कमी करावा? शेजारच्या गावातल्या एकाने तसे केले आहे असे कळते.

उत्तर ३: मृद प्रयोगशाळा

मी स्थापत्याच्या मातीपरीक्षण प्रयोगशाळेत काम करते. शंकांना एकेक करून उत्तर देते.

चुना अजिबात घालू नये. रस्त्याखाली काळ्या मातीत चुना घालतात तो तिचा फुगवटा कमी करून ताकद वाढवण्यासाठी. चुन्यातले कॅल्शियम मातीच्या अतिसूक्ष्म कणांचे गुच्छ करते, माती रवाळ व भुसभुशीत होते आणि तिच्यातून पाणी जास्त सहज जाते. आपल्याला नेमके याच्या उलट हवे आहे. माळव्याच्या कित्येक मातींत मुळातच चुनखडी असल्यामुळे हे गुच्छ निसर्गतःच झालेले असतात. म्हणून चुनखडीचे खडे असलेला तो पिवळसर थर अस्तराच्या मातीत मिसळू देऊ नका. उत्खननाच्या वेळी त्याचा ढीग वेगळा ठेवा आणि बांधाच्या बाहेरच्या बाजूला वापरा.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. काचेच्या पेल्यात बॅटरीचे ऊर्ध्वपातित पाणी घ्या, त्यात ओलसर मातीचा बोराएवढा गोळा अलगद सोडा आणि न हलवता तासभर ठेवा. गोळा ढासळला पण वरचे पाणी नितळ राहिले, तर कण गुच्छात बांधलेले आहेत. गोळ्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर माती विखुरणारी आहे. पहिल्या प्रकारच्या मातीवर कधी कधी नुसत्या दबाईने भागत नाही आणि प्रयोगशाळेत उत्तम घट्ट बसूनही तिची पारगम्यता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघते. तिच्यावर सोडा ॲशचा (सोडियम कार्बोनेटचा) उपाय आहे. त्यातले सोडियम कॅल्शियमची जागा घेऊन गुच्छ सोडवते. १५ सेंटिमीटरच्या थराला चौरस मीटरमागे साधारण अर्धा ते एक किलो हे प्रमाण वापरात आहे, पण आपल्या मातीवर चाचणी केल्याशिवाय ते घालू नये. आणि सोडा घातलेली माती उघडी ठेवली तर पावसाच्या धारेने साखरेसारखी वाहून जाते, हेही ध्यानात ठेवावे. तिच्यावर आवरण हवेच.

आता मिश्रणाबद्दल. काळ्या मातीचा सुनम्यता निर्देशांक (द्रव आणि सुनम्य मर्यादांमधला फरक, म्हणजे चिकटपणाचे माप) ३० च्या वर असेल, तर भेगांचा धोका मोठा असतो. तो २० ते ३० च्या मध्ये आणला, तर पारगम्यताही पुरेशी कमी राहते आणि आकुंचनही आवाक्यात येते, म्हणून मुरूम मिसळण्याची कल्पना चुकीची नाही. अडचण मिसळण्यात आहे. शेतातल्या रोटाव्हेटरने चिकट काळी माती आणि मुरूम एकजीव होत नाहीत. मध्येच मुरुमाचा नुसता गोळा राहिला, तर त्या जागी अस्तरच नाही असे समजावे. म्हणून आपल्या कामात मी निव्वळ काळी माती ओलसर दाबून तिच्यावर ३० सेंटिमीटर चिकट मुरमाचे आवरण पसंत करीन. कालव्यांत हेच तत्त्व न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराच्या रूपाने वापरले जाते; मुंबईच्या आयआयटीत डॉ. आर. के. कट्टी यांनी ते विकसित केले आणि फुगणाऱ्या मातीतल्या कालव्यांसाठीच्या भारतीय मानक ९४५१ मध्ये त्याला स्थान आहे. आपल्या तळ्यात हे आवरण ओल धरून ठेवेल, पावडे-जेसीबीचा मार खाईल आणि स्वतःच्या वजनाने अस्तराला खाली धरून ठेवेल. देवासच्या दादांच्या बाजूंच्या भेगांचे उत्तरही तेच आहे: त्यांचे आवरण फक्त तळावर असावे असे दिसते, ते उतारावर कठड्यापर्यंत नेले पाहिजे.

मिश्रण करायचेच असेल, तर पारगम्यतेची चाचणी झाल्याशिवाय ठरवू नका. काम सुरू करण्यापूर्वी पुढील चाचण्या मागा: द्रव आणि सुनम्य मर्यादा भारतीय मानक २७२० च्या भाग ५ प्रमाणे, हलकी दबाई भाग ७ प्रमाणे, पारगम्यता भाग १७ प्रमाणे आणि मुक्त फुगवटा भाग ४० प्रमाणे. पारगम्यतेचा नमुना नेमक्या त्याच ओलाव्याला दाबायला सांगा जो आपण जागेवर ठेवणार आहात. बहुतेक वेळा प्रयोगशाळा तो सर्वाधिक घनतेच्या ओलाव्याला दाबते आणि मग कागदावरचा आकडा व तळ्यातली माती यांचा एकमेकांशी संबंध राहत नाही. माझ्या टेबलावर आलेल्या काळ्या मातींचा तो ओलावा बहुधा २२ ते २८ टक्क्यांत असतो, पण आपल्या मातीचा आपणच काढून घ्यावा.

बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी विकतची चिकणमाती) कच्छ किंवा बाडमेरहून आणण्याचा खर्च करू नका. ते वाळूसारख्या किंवा गाळाच्या मातीसाठी उपयोगी आहे. आपल्या काळ्या मातीत त्याच कुळातले खनिज मुबलक आहे.

प्लास्टिक कागद झिरपा उत्तम अडवतो, पण शेततळ्यातले स्वच्छ पाणी आणि शेणपाणी यांत फरक आहे. कागदाखाली सेंद्रिय पदार्थ राहिला किंवा कुठून थोडे शेणपाणी गेले की खाली वायू साठून कागद फुग्यासारखा वर येतो. त्यासाठी खाली वायू निघण्याची वाट ठेवावी लागते. गाळ जेसीबीने काढायचा असेल, तर कागद नकोच. जिथे काळी माती नाही आणि मुरूमच मुरूम आहे, तिथे मी कागदाची शिफारस करीन.

दादांच्या नायट्रेटबद्दल थोडे. शेणपाण्यातला नत्र मुख्यतः अमोनियमच्या रूपात असतो आणि चिकणमाती त्याला बराच धरून ठेवते. तळे कोरडे पडून अस्तर भेगाळले की त्या भेगांतून हवा आत जाते, धरून ठेवलेल्या अमोनियमचे नायट्रेट होते आणि पुढच्या भरणीला ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. म्हणजे तळे कोरडे करण्याने वाट तर उघडतेच, शिवाय त्या वाटेने जाणारा मालही तयार होतो.

उत्तर ४: जुना कालवेकर, इंदूर

ताईंनी चुन्याचे लिहिले ते फार बरे झाले. माझ्याकडून ते राहूनच गेले होते. पारगम्यतेचा नमुना जागेवरच्या ओलाव्याला दाबण्याचा मुद्दा ठेकेदाराच्या करारात लेखी घ्यावा.

काम डिसेंबर-जानेवारीत करा. खालची माती तेव्हा ओलसरच निघते, पाणी कमी लागते आणि ताजा थर उन्हाने तडकत नाही. एका दिवशी जेवढ्या भागावर वरचा थर घालता येईल, तेवढाच खालचा थर उघडा ठेवावा; रात्री ओले बारदान पसरावे. दुसऱ्या दिवशी पुढचा थर घालण्याआधी दाताळ्याने वरचा पृष्ठभाग ओरखडून थोडे पाणी शिंपडावे. अस्तरातून पाइप आरपार नेऊ नका, बांधावरून न्या. बांधावर बाभूळ किंवा दुसरे कोणतेही झाड वाढू देऊ नका; मुळे कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात. तळे बांधण्यापूर्वी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात एकदा जाऊन यावे, कारण १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली गोठ्याच्या सांडपाण्याला परवानगीचा प्रश्न येतो आणि तिथले अधिकारी आराखड्यात पहिल्यांदा विहिरींचे अंतरच विचारतील.

शेवटी तपासणी. आवरण पूर्ण झाल्यावर शेणपाणी सोडण्याआधी विहिरीच्या साध्या पाण्याने मीटरभर भरा आणि आठवडाभर तळ मुरू द्या. मग बांधाजवळ तळ्यातच एक लोखंडी पिंप, वरचे तोंड उघडे ठेवून, निम्मे बुडेल असे वीट-दगडांवर पक्के बसवा आणि त्यात बाहेरच्या पातळीएवढे पाणी घाला. पिंपातले पाणी फक्त आटणार, तळ्यातले आटणार आणि झिरपणार. दहा दिवस रोज सकाळी एकाच वेळी दोन्ही पातळ्या मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मीटरभर पाण्याला ४५ सेंटिमीटरच्या चांगल्या अस्तरातून झिरपा दिवसाला पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास यावा, म्हणजे दहा दिवसांत दोन्ही पातळ्यांत तीन ते पाच मिलिमीटरचा फरक. तो दोन-तीन सेंटिमीटर दिसला, तर शेणपाणी सोडू नका. पाणी काढून आधी उताराचा आणि तळाचा सांधा जिथे येतो ते चारही कोपरे उकरून पाहा, कारण रोलर तिथे वळतो आणि दबाई तिथेच सुटते.

प्रश्नकर्ता: सांवेर रस्त्यावरचा गोठा

काका, ताई, दादा, तिघांचेही आभार. मातीचे दोन पोते नमुने, वरच्या काळ्या थराचा आणि पिवळसर थराचा वेगवेगळा, उद्या तपासणीला देत आहे. पेल्यातली परीक्षा आजच केली. काळ्या मातीचा गोळा पंधरा मिनिटांत ढासळला, पाणी मात्र वरून स्वच्छ राहिले; पिवळसर मातीचेही तसेच. म्हणजे सोडा ॲशची चाचणीही सांगावी लागेल असे दिसते. पारगम्यतेचे आकडे हाती आले की इथे लिहीन.